मोटर रिवायंडिंग: इन्सुलेशनच्या या चुका टाळा

जुलैत बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटीकडून जळालेल्या विजेच्या मोटर रिवायंडिंगला, म्हणजे नवी तार गुंडाळायला, येतात आणि गिऱ्हाईक दारातच उभं असतं, "आजच पाहिजे." त्या घाईत सगळ्यात महागडी चूक होते: ओल्या वायंडिंगवर (गुंडाळलेल्या तारेवर) वार्निश.

स्लॉटमधला, म्हणजे लोखंडी कोअरच्या खाचांमधला, लेदरॉइड पेपर शेवटी कागदच, हवेतली ओल शोषतो. कोरडा असेल तर तांबं आणि कोअर यांना तोडून ठेवतो. ओल शिरली की त्यातूनच करंट झिरपतो. थंड कॉइलवर मगाने वार्निश ओतलं की ती ओल आत कोंडते. बल्ब लावून वाळवलं की वर साय धरते, आत वार्निश कच्चंच. अशी ५ एचपीची मोटर दुकानात झकास फिरते आणि शेतात लोडवर तापली की बॉडीला शॉर्ट होते. उघडा, स्लॉटच्या तोंडाशी काळा ठिपका आणि आत चिकट वार्निश सापडेल. दोष मात्र वायरवर ढकलला जातो. वायर चांगलीच असते.

स्टेटर (मोटरचा न फिरणारा, वायंडिंगचा भाग) आधी ओव्हनमध्ये ११० अंशांवर चार-पाच तास ठेवा. तासातासाला मेगर (जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारं मीटर) लावा. रीडिंग आधी उतरतं, मग ओल निघेल तसं चढतं. उतरलेलं पाहून घाबरू नका आणि चढू लागलं म्हणून लगेच बाहेरही काढू नका. सलग दोन रीडिंग सारखी आली पाहिजेत. मग ६० अंशांपर्यंत निवू द्या, वार्निशमध्ये बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत हलवू नका. अर्धा तास पूर्ण निथळू द्या, नाहीतर ओव्हनमध्ये थिनरची वाफ पेट घेते. भाजायचं तापमान आणि वेळ डब्यावर असते, तीच पाळा.

दुसरी चूक मल्टीमीटरने इन्सुलेशन तपासण्याची. तो जेमतेम काही व्होल्ट देतो, कमकुवत कागद त्याला दिसतच नाही. ४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्टचा मेगर, आणि रीडिंग पूर्ण एक मिनिटानंतरचं. तापमानही लिहून ठेवा: दर १० अंश वाढीला रीडिंग साधारण निम्मं होतं. म्हणजे ६० अंशांवर ५ मेगओहम दाखवणारी मोटर ४० अंशांवर २० च्या आसपास दाखवेल. ४० अंशांवर ५ च्या खाली असेल तर ती मोटर देऊ नका, गिऱ्हाईक कितीही ओरडू दे.

स्लॉट पेपर कोअरच्या कडेबरोबर कापू नका, दोन्हीकडे ५-६ मिमी बाहेर हवा. क्लास म्हणजे इन्सुलेशन किती तापमान सोसतं त्याची श्रेणी. एफ क्लासच्या मोटरमध्ये पीव्हीसी स्लीव्ह आणि टेप घालू नका, त्या वितळतात, फायबरग्लास घ्या. वायर एच क्लासची आणि पेपर ए क्लासचा असेल तर मोटर ए क्लासचीच, १०५ अंशांची.

पाण्याने भरलेल्या सबमर्सिबलला (पाण्यात बुडवून चालणाऱ्या पंपाच्या मोटरला) पॉली वायर, म्हणजे प्लास्टिकच्या आवरणाची वायर असते, तिथे वार्निश लावायचंच नाही. फसतात ते जॉइंट. टेपिंग झाल्यावर स्टेटर रात्रभर पाण्यात ठेवा आणि बाहेर न काढता मेगर घ्या.