शिंगाळ्याची कवटी घरच्या घरी कशी साफ करावी

मेलेल्या जिवापासून काही बनवायचं म्हटलं की बहुतेकांच्या तोंडून आधी 'शी!' निघतं. पण हा छंद जुना आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्लंडमध्ये गेलेल्या माणसाच्या केसांचे दागिने करून अंगावर घालायचे. हाडकाम शिकायचं असेल तर मुंबईकराने मासळीपासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी वेगळा जीव मारावा लागत नाही. जे डोकं कालवणात नाहीतर कचऱ्यात जाणार असतं, तेच आपलं सामान.

त्यातही समुद्रातला शिंगाळा घ्या. सुरमईच्या डोक्याची हाडं शिजवली की सुटी होतात आणि नवशिक्याला ती जुळवता येत नाहीत. शिंगाळ्याची कवटी मात्र एकसंध आणि जाड असते. ती उलटी धरली की खालच्या बाजूला हात पसरलेल्या माणसासारखी आकृती दिसते. जातीजातीत ती कमीअधिक ठळक असते. कॅरिबियन बेटांवर तिला क्रुसावरचा येशू मानतात. कवटी हलवली की आत खुळखुळ वाजतं, ते येशूच्या कपड्यांसाठी डाव टाकणाऱ्या शिपायांचे फासे, असं तिथे सांगतात. खरं तर ते माशाच्या कानातले खडे. तोल सांभाळायला आणि ऐकायला माशाला त्यांचा उपयोग होतो.

खरेदी ससून डॉकला पहाटे करा, नाहीतर जवळच्या बाजारात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि पावसाळी हवेत हाड वाळतही नाही. म्हणून दिवाळीनंतर हे काम काढावं. दीड-दोन किलोचा मासा पुरे. कोळणीला आधीच सांगा, "मावशी, डोकं फोडू नका. पाठीवरच्या काट्याच्या मागून कापा आणि तिन्ही काटे छाटून द्या." सांगितलं नाही तर कोयत्याचा एक घाव पडतो आणि कवटीची दोन शकलं होतात.

काट्यांबद्दल हयगय नको. पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांना एकेक, असे तीन करवती काटे असतात. त्यांच्यावरच्या कातडीत विष असतं आणि मासा मेला तरी ते बाधतं. काटा लागलाच तर तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. जाड हातमोजे घालूनच कामाला बसा.

आता एक जुनं पातेलं कायमचं या कामाला द्या. घरात सोवळंओवळं असो-नसो, स्वयंपाकाची भांडी यात आणू नका. आईची किंवा सासूबाईंची अर्धी नाराजी तिथेच मिटते. कल्ले आणि डोळे काढून डोकं पाण्यात ठेवा. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं, पाणी खळखळ उकळू न देता. जोरात उकळलं तर चरबी हाडात मुरते आणि मग निघता निघत नाही. गार झालं की जबडे आणि गालाची हाडं अलगद सुटी करून वेगळ्या वाटीत ठेवा. मांस चिमट्याने आणि जुन्या टूथब्रशने काढा. मेंदू मागच्या भोकातून निघतो: सुई नसलेल्या सिरिंजने कोमट पाणी हळू सोडत राहायचं, बाहेर येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. इथे काडीने टोकरू नका, कानाकडचं पातळ हाड फुटलं तर खडे निसटतात.

पाण्यात कुजवूनही मांस सुटतं, आणि खरं तर हाडाला ते जास्त मानवतं. पण चाळीत किंवा फ्लॅटमध्ये तो वास शेजाऱ्यांवर लादणं बरं नाही.

मग चरबी काढायची. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून कवटी बुडवून ठेवा आणि पाणी रोज बदला. पाण्यावर तवंग येईनासा झाला की थांबा. शिंगाळा तेलकट, त्याला आठवडा सहज लागतो.

पांढरं करायला कपडे धुण्याचं ब्लीच कधीच वापरू नका, हाड आतून पोखरून खडूसारखं भुसभुशीत होतं. औषधाच्या दुकानात हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. ६ टक्क्यांचं असेल तर तेवढंच पाणी घाला, ३ टक्के होईल. प्लास्टिकच्या डब्यात कवटी एक दिवस बुडवून ठेवा. झाकण घट्ट लावू नका, आत वायू साठतो. नंतर धुऊन सावलीत, जाळीखाली वाळवा. खिडकीत उघडी ठेवली तर कावळा नेणारच. जबडे फेव्हिकॉलने जोडा.

कवटीला चिठ्ठी हवीच: माशाचं नाव, कुठून आणला, तारीख, लांबी. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीसारख्या संस्थांच्या संग्रहात नमुन्याला मोल येतं ते अशा नोंदीमुळेच.

हात बसला की इतर प्राणी खुणावतील. तिथे थांबा. घुबड, साप, कासव, किनाऱ्यावर सापडलेला समुद्रघोडा, यांतलं काहीही मेलेलं मिळालं तरी घरी आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तो गुन्हा ठरू शकतो. वन्य प्राण्यांत पेंढा भरायचं काम बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या केंद्रात, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. संतोष गायकवाड यांच्यासारख्या जाणकारांच्या हातून रीतसर होतं. आपण मासळी बाजारापुरतं राहावं.

महिनाभराने कवटीवर पिवळे डाग आले तर चरबी राहिली आहे, पुन्हा साबणाच्या पाण्यात टाका. वास येत असेल तर मुंग्या कुठे लागतात ते बघा, मांस तिथेच अडकलेलं असतं.