बाहेर हिंडणारे मांजर परतले नाही तर शोध कसा घ्यावा

बाहेर ये-जा करण्याची सवय असलेले मांजर आपल्या परिसरात सहसा वाट चुकत नाही. कुंपणातील फटी, भिंतींचे कठडे, कुत्री नसलेल्या वाटा आणि परतण्याची वेळ हे सारे त्याला ठाऊक असते. म्हणून असे मांजर वेळेवर आले नाही की ‘ते कुठे गेले असेल’ यापेक्षा ‘त्याला कशाने अडवले असेल’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो, कारण पुढे कुठे पाहायचे हे त्याच्या उत्तरावर ठरते.

अडवणारी कारणे मोजकीच असतात. मांजर एखाद्या खोलीत, गोदामात किंवा गॅरेजमध्ये शिरल्यावर बाहेरून दार लावले जाते. त्याला दुखापत होते आणि ते आडोशाला पडून राहते. कुत्रे किंवा दुसरा बोका त्याला हुसकावून अनोळखी भागात नेतो. ते झाडावर किंवा छपरावर चढते आणि उतरू शकत नाही. उभ्या वाहनात बसते आणि वाहनासोबत दूर जाते. किंवा कोणीतरी त्याला बेवारस समजून घरात घेते. नसबंदी न केलेला बोका माजाच्या काळात काही दिवस स्वतःहून बाहेर राहू शकतो. मात्र नसबंदी झालेले, जेवणाच्या वेळा पाळणारे मांजर एक रात्र आले नाही, तर ‘येईल आपोआप’ असे म्हणत थांबू नये.

शोध जवळून सुरू करावा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हरवलेल्या १,२१० मांजरांच्या अभ्यासात सुमारे एक तृतीयांश मांजरे सात दिवसांत आणि ६१ टक्के मांजरे वर्षभरात सापडल्याचे दिसले. जी सापडली, त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश निसटल्याच्या जागेपासून ५०० मीटरच्या आत होती आणि प्रत्यक्ष फिरून शोध घेणाऱ्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता अधिक होती. ५०० मीटर ऐकायला थोडे वाटतात, पण तेवढ्या त्रिज्येचे वर्तुळ जवळजवळ ७८ हेक्टरचे होते. तेव्हा हाका मारत रस्त्यावरून एक फेरी काढली म्हणजे तो भाग शोधून झाला असे मुळीच होत नाही.

सर्वप्रथम स्वतःचे घर पाहावे: कपाटे, माळा, पलंगाखालील खण, गच्चीवरील अडगळ. त्यानंतर शेजारची प्रत्येक बंद जागा घ्यावी. ‘आमच्याकडे मांजर नाही’ असे शेजारी अगदी प्रामाणिकपणे सांगतात, परंतु त्यांनी शेड उघडून पाहिलेली असतेच असे नाही. त्यामुळे आपण स्वतः आत पाहण्याची परवानगी नम्रपणे मागावी. त्या दिवशी कोणाकडे सामान उतरले, कोठे रंगकाम किंवा दुरुस्ती चालू होती, कोण गावाला गेले आणि दार लावून गेले, हेही विचारून ठेवावे, कारण एरवी बंद असणारे दार काही मिनिटे उघडे राहिले असेल तर ती जागा यादीत सर्वांत वर जाते. बंद दारासमोर एकदा हाक मारून मिनिटभर पूर्ण शांत उभे राहावे. सतत हाका मारणाऱ्याला आतला क्षीण आवाज ऐकू येत नाही. उभ्या गाड्यांखाली आणि बॉनेटवर थाप मारून इंजिनाच्या भागातही पाहावे.

जखमी किंवा घाबरलेले मांजर बहुधा ओरडत नाही. मालकाची हाक ओळखूनही ते हाताच्या अंतरावर निश्चल बसून राहू शकते, कारण आवाज केला तर शत्रूला आपला ठावठिकाणा कळेल ही त्याची उपजत धास्ती असते. अनेक शोध येथेच फसतात. प्रतिसाद आला नाही म्हणून लोक ती जागा सोडून पुढे जातात आणि तेथे पुन्हा फिरकत नाहीत. म्हणून हाकेवर विसंबून न राहता डोळ्यांनी पाहावे; पायऱ्यांखाली, दाट झुडपांत, लाकडांच्या ढिगामागे आणि कोरड्या नाल्याच्या तोंडाशी गुडघे टेकून, वाकून पाहावे.

या कामासाठी रात्र आणि पहाट सर्वांत चांगली. वर्दळ थांबल्यावर लपलेले मांजर हालचाल करू लागते, शिवाय त्याच्या डोळ्यांतील पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असल्याने टॉर्चच्या उजेडात डोळे लांबूनही चमकतात. त्यासाठी टॉर्च आपल्या डोळ्यांच्या पातळीवर धरावा. कमरेजवळ धरल्यास परतणारा प्रकाश आपल्या नजरेत नीट येत नाही. रात्री निघण्यापूर्वी शेजाऱ्यांना कल्पना द्यावी, हे सांगण्याची गरज नसावी, पण घाईत नेमके तेच राहून जाते.

मांजर दिसले की धावत जाऊ नये. घाबरलेल्या अवस्थेत ते आपल्याच माणसापासून पळते आणि नंतर अधिक अवघड जागी दडते. काही अंतरावर, त्याच्याकडे थेट न पाहता, जमिनीवर बसावे, रोजच्या स्वरात हळू बोलावे आणि वासाचे ओले खाद्य पुढे सरकवावे. उचलून चालत घरी नेण्याचा मोह टाळावा. वाटेत एखादा हॉर्न वाजला तरी ते निसटते. झाकण असलेली टोपली किंवा प्रवासाचा पिंजरा सोबत असलाच पाहिजे. ते हाती येतच नसेल, तर दार आपोआप मिटणारा सापळा-पिंजरा प्राणी बचाव संस्थेकडून किंवा पशुवैद्याच्या ओळखीने मिळवावा, तो कापडाने झाकून सावलीत ठेवावा आणि वारंवार तपासावा. त्यात दुसरेच मांजर सापडण्याची तयारी मात्र ठेवावी.

घराबाहेर शौचपेटीतील माती ठेवावी, असा सल्ला हमखास मिळतो. मला तो पटत नाही. त्या वासाने परिसरातील दुसरी मांजरे तेथे येऊ शकतात आणि आधीच भेदरलेल्या मांजराची घराजवळ येण्याची हिंमत त्यामुळे खचते. त्यापेक्षा एखादे दार किंवा खिडकी रात्री किलकिली ठेवणे आणि हालचाल टिपणारा कॅमेरा लावणे अधिक फायद्याचे ठरते.

पत्रकावर मोठे, स्पष्ट छायाचित्र, ‘मांजर हरवले आहे’ हे ठळक शब्द आणि दूरध्वनी क्रमांक एवढे पुरे. एखादी खूण, उदाहरणार्थ पंजाच्या तळव्यावरील डाग, मुद्दाम छापू नये, म्हणजे ‘मांजर आमच्याकडे आहे, आधी पैसे पाठवा’ असे सांगणाऱ्याची परीक्षा घेता येते. मांजर पाहिल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. आसपासचे पशुवैद्य आणि प्राणी निवारे येथे केवळ फोन न करता स्वतः जावे, कारण फोनवर केलेले वर्णन ऐकणाऱ्याच्या मनात भलतेच चित्र उभे करते. मायक्रोचिप (कातडीखाली बसवली जाणारी ओळखीची छोटी चिप) बसवली असल्यास नोंदणीतील आपला क्रमांक चालू आहे का, हे त्याच दिवशी तपासावे. ही चिप ठिकाण दाखवत नाही. यंत्राने वाचल्यावर तिच्यातून फक्त एक क्रमांक मिळतो आणि तो नोंदीशी जुळला तरच उपयोग होतो. रस्ते झाडणाऱ्यांना अपघातात सापडलेल्या मांजरांविषयीही विचारावे. हा प्रश्न जड जातो, पण अनेक महिन्यांची अनिश्चितता त्याने टळू शकते.

पहिल्या आठवड्यात काही सापडले नाही तरी त्याच जागा पुन्हा पाहाव्यात, कारण काल रिकामे असलेले झुडूप आज रिकामे असेलच असे नाही.

मांजर परत आल्यावर, विशेषतः ते काही दिवस उपाशी राहिले असल्यास, लगेच पशुवैद्याकडे न्यावे. दीर्घ उपासाने मांजराच्या यकृतात चरबी साठून गंभीर आजार होतो आणि लठ्ठ मांजरांना त्याचा धोका जास्त असतो. खाद्य थोडे थोडे करून द्यावे. घरात दुसरे मांजर असेल तर ते बदललेल्या वासामुळे परतलेल्यावर फिसकारू शकते, म्हणून दोघांना एक-दोन दिवस वेगळ्या खोल्यांत ठेवावे. मांजर बंद शेडमध्ये सापडले असेल, तर दार लावण्यापूर्वी एकदा आत पाहण्याची विनंती त्या शेडच्या मालकाला त्याच दिवशी करून ठेवावी, कारण बरे झालेले मांजर पुन्हा त्याच शेडकडे जाऊ शकते.