आफ्रिकेत नोकरीला जाताय? मलेरियाबाबत या चुका टाळा

नायजेरिया, टांझानिया किंवा मोझांबिकमध्ये बांधकामावर वा कारखान्यात रुजू झालेल्या आपल्या माणसांच्या तोंडी एक वाक्य हमखास असते: "हिवताप आपल्याला काय नवा आहे?" सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. सहाराच्या दक्षिणेला बहुतांश रुग्ण फॅल्सिपेरम या हिवतापाच्या सर्वांत घातक प्रकाराचे असतात आणि उपचार लांबले तर हा आजार 24 तासांतही जिवावर बेतू शकतो. लहानपणी गावी हिवताप येऊन गेला असला, तरी ते संरक्षण पुढे टिकत नाही.

प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून ठरवून घ्याव्यात. घरात उरलेली क्लोरोक्विन तिथे उपयोगाची नाही, कारण तिथल्या फॅल्सिपेरमवर ती सहसा चालत नाही. त्याहून मोठी चूक म्हणजे मायदेशी उतरताच गोळ्या बंद करणे. मलेरियाचे परजीवी (सूक्ष्म जीव) आधी यकृतात वाढतात आणि नंतर रक्तात उतरतात. डॉक्सिसायक्लिन ही प्रतिबंधक गोळी प्रामुख्याने रक्तातल्या परजीवींवर काम करते, म्हणून परतल्यावरही ती 4 आठवडे घ्यावी लागते. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही दुसरी गोळी मात्र परतल्यावर 7 दिवस पुरते.

गोळ्या घेतल्या म्हणून मच्छरदाणी सोडू नये. मलेरिया पसरवणारा ॲनोफिलीस डास मुख्यतः तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत चावतो आणि नेमक्या त्याच वेळी आपली मंडळी हाफपँटवर आवारात गप्पा मारत बसलेली असतात. मच्छरदाणी कीटकनाशक लावलेली असावी, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेली असावी, फाटल्यास त्याच दिवशी शिवावी. झोपेत कोपर जाळीला टेकले, तर डास बाहेरूनही चावतो.

ताप आल्यावर पॅरासिटामॉल घेऊन दोन दिवस वाट पाहणे धोक्याचे आहे. त्याच दिवशी रक्त तपासावे आणि पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ताप असेपर्यंत 12 ते 24 तासांनी ती पुन्हा करावी. उपचाराच्या गोळ्या सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी बरे वाटले, तरी पूर्ण मात्रा संपवावी.

सुटीवर आल्यावर ताप आला, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात आफ्रिकेचे नाव सांगावे. माझा एक सहकारी गणपतीला घरी आला आणि दहाव्या दिवशी तापाने पडला. तीन दिवस डेंग्यू समजून उपचार चालले. चौथ्या दिवशी आईने सहज नायजेरियातल्या लागोसचा उल्लेख केला, तेव्हा कुठे मलेरियाची तपासणी झाली आणि फॅल्सिपेरम निघाला. त्याच्या बॅगेत डॉक्सिसायक्लिनच्या 28 गोळ्या तशाच होत्या.