पॅनोरामा शिकताय? आधी कॅमेरा कशाभोवती फिरतोय ते बघा

पॅनोरामा म्हणजे शेजारशेजारचे फोटो जोडून केलेला एक लांब फोटो. कॅमेरा उभा धरा, एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल, दोन फोटोंत साधारण 30 टक्के ओव्हरलॅप (दोन्हींत सारखा येणारा भाग), हे तुम्हाला माहीत असणारच, त्यात वेळ घालवत नाही. फक्त लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर काढून ठेवा, नाहीतर आभाळात मधेच गडद निळा पट्टा येतो आणि तो नंतर घालवताना जीव जातो.

मला खरं छळलं ते पॅरॅलॅक्सने, म्हणजे लेन्सची जागा सरकली की जवळची वस्तू मागच्या दृश्यावर सरकलेली दिसते त्याने. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याचा पॅनोरामा नुसत्या हातात कॅमेरा धरून काढलात तरी छान जुळतो, कारण फ्रेममध्ये सगळं लांबचंच असतं. त्याच गडावर केदारेश्वराच्या गुहेत या. एकच शाबूत खांब, पाण्यातली पिंड, मागे भिंत, सगळं हाताच्या अंतरावर. इथे फोटो जोडायला हगिन सॉफ्टवेअर वापरा नाहीतर पीटीगुई, खांब तुटका किंवा डबल येतोच.

कारण ट्रायपॉडचा स्क्रू असतो बॉडीखाली, म्हणजे कॅमेरा बॉडीभोवती फिरतो आणि पुढे असलेली लेन्स दर फोटोला थोडी बाजूला सरकते, मग जवळचा खांब भिंतीवर दरवेळी वेगळ्याच जागी दिसतो. फिरवायचं असतं एन्ट्रन्स प्युपिलभोवती, म्हणजे समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर अ‍ॅपर्चरचं भोक जिथे दिसतं ना, त्या जागेभोवती. ती शोधायला मागेपुढे सरकणारी रेल घ्या. घरी खिडकीत दोरी लटकवा, लांबचा विजेचा खांब बरोबर तिच्या मागे येईल असं बघा आणि कॅमेरा उजवीकडे फिरवा. दोरी खांबाच्या डावीकडे गेली तर कॅमेरा रेलवर मागे घ्या, उजवीकडे गेली तर पुढे. फ्रेमच्या दोन्ही टोकांना दोरी खांबावरून हलत नाही तोवर हेच करत राहा, आणि मग रेलवर मार्करने खूण करा. झूम लेन्स असेल तर 24 मिमीची खूण वेगळी, 70 ची वेगळी. आणि हो, बॉलहेड (ट्रायपॉडवरचा गोळ्यावर फिरणारा भाग) आडवं पाडून कॅमेरा उभा केलात तर लेन्स फिरण्याच्या अक्षाच्या बाजूला जाते आणि सगळी मेहनत पाण्यात, म्हणून एल-ब्रॅकेट, म्हणजे कॅमेरा उभा बसवायची L आकाराची पट्टी, घ्याच.

"काढा कसेही, सॉफ्टवेअर जुळवून घेतं" असं शिकवणाऱ्या वर्कशॉपला पैसे भरू नका. स्पष्ट सांगतो, सॉफ्टवेअरमध्ये मास्क लावून (नको तो भाग झाकून) एखादा सांधा लपतो, अख्खी गुहा नाही लपत. कॅमेरा आपोआप फिरवणारं रोबोटिक हेडही इतक्यात नको, त्या पैशात चांगली रेल आणि ब्रॅकेट येऊन वर पैसे उरतील. शिकवणारा बघायचा असेल तर त्याचे फोटो 100 टक्के झूम करून खांबांच्या कडा बघा, तेवढ्यावरून कळतं.

पण घाबरू नका हो, ही खूण एकदाच शोधायची असते, नंतर लावायला मिनिटभर लागतं. आणि हातात येतं ते बघा, 24 मेगापिक्सेलचा साधा कॅमेरा, 6000 बाय 4000, उभा धरून 10 फोटो 30 टक्के ओव्हरलॅपने काढले तर अंदाजे 29 हजार बाय 6 हजार, म्हणजे 175 मेगापिक्सेलच्या आसपास! भिंतीवरचा चिरा न् चिरा दिसतो. मात्र अजून एक-दोन फोटो वाढवलेत तर फोटोशॉपच्या पीएसडी फाइलमध्ये सेव्ह होणार नाही, त्याची मर्यादा एका बाजूला 30,000 पिक्सेल, तेव्हा मोठ्या फाइलसाठीचं पीएसबी निवडा. जेपेग 65,535 पर्यंत जातं, पण ते फक्त दाखवायला. मूळ रॉ फाइल्स डिलीट करू नका, पुढे हात बसला की तेच फोटो पुन्हा जोडावेसे वाटतात.