एकच पोस्टर, चार मापं

गुढीपाडव्याची स्वागतयात्रा जवळ आली की ठाण्यात नौपाड्याच्या डीटीपीवाल्यांकडे एकाच पोस्टरची चार मापं मागितली जातात: वाटायला ए५, सोसायटीच्या बोर्डावर ए४, दुकानाच्या काचेवर ए३ आणि नाक्यावर फ्लेक्स. या कामात नव्याने येणाऱ्यांनी आधी ए मालिकेचं गणित पक्कं करावं. तिच्यात लांब बाजू आखूड बाजूच्या १.४१४ पट असते, त्यामुळे ए४चं (२१० × २९७ मि.मी.) ए३ करायला १४१ टक्के आणि उलट यायला ७१ टक्के. मांडणी तसूभर हलत नाही.

मजकुराचं मात्र तसं नाही. ए४वर ९ पॉइंटात बसलेला पत्ता ए५वर जेमतेम ६.४ पॉइंटचा उरतो. देवनागरीत तेवढ्यात रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात, जोडाक्षरं शाईने भरून जातात. अशा वेळी मी अक्षर लहान करत नाही, आयोजकांकडून मजकूर कमी करून घेते. थोडी घासाघीस होते, पण ती करायलाच हवी. आजीआजोबांना यात्रेची वेळ वाचता आली नाही, तर पत्रक वाटून उपयोग काय?

ब्लीडही (कापताना कडेला पांढरी रेघ राहू नये म्हणून मापाबाहेर वाढवलेली छपाई) टक्क्यांनी लहान-मोठं करू नका. कटिंगमधला फरक कागद लहान म्हणून कमी होत नाही, तेव्हा ए५लाही पूर्ण ३ मि.मी. ठेवा. चौकटीच्या रेषांचं म्हणाल, तर आकार बदलताना जाडी बदलायची की नाही, हे इलस्ट्रेटर आणि इंकस्केप या डिझाइनच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ठरवता येतं. ते सेटिंग आधी बघा.

खरी कसोटी १२ × १८ इंचाला लागते. डिजिटल प्रेसवाले सर्रास हेच माप सांगतात आणि त्याचं प्रमाण १.५ आहे. ए३ची रुंदी १२ इंच केली की उंची साधारण १७ इंच भरते, वर एक इंच उरतो. तो भरायला पोस्टर ताणलं की गोल लोगोचं अंडं होतं, पाहुण्यांचा चेहरा लांबुळका दिसतो. त्यापेक्षा पार्श्वभूमी वाढवा, लोगो आणि पत्ता आपापल्या कडेला धरून ठेवा आणि तो इंच शीर्षकाभोवती सोडा. मोकळ्या जागेत शीर्षक लांबूनही उठून दिसतं.

१० × ४ फुटी आडव्या फ्लेक्सला उभं टेम्पलेट कामाचंच नाही. तिथे नाव, तारीख, वेळ आणि ठिकाण घेऊन नवी मांडणी करा.