इंग्रजी जोडशब्दांत जोर कुठे द्यायचा? या चुका टाळा

मराठीत ‘देवघर’ म्हणताना जोर ‘देव’वर दिला काय किंवा ‘घर’वर दिला काय, अर्थ तोच राहतो. त्यामुळे इंग्रजी जोडशब्दांचे दोन्ही तुकडेही आपण सारख्याच वजनाने बोलतो. सगळ्यांत मोठी चूक हीच, कारण इंग्रजीत जोर हलला की अर्थही हलतो.

‘ग्रीनहाऊस’ घ्या. ‘ग्रीन’ चढ्या सुरात, ‘हाऊस’ उतरत्या सुरात म्हटले की ते रोपांचे काचघर. जोर ‘हाऊस’वर गेला की नुसते हिरव्या रंगाचे घर. ‘इंग्लिश टीचर’मध्ये तर माणूसच बदलतो. ‘इंग्लिश’वर जोर म्हणजे इंग्रजी शिकवणारे, मग ते सांगलीचे का असेनात; ‘टीचर’वर जोर म्हणजे इंग्लंडचे शिक्षक, मग ते गणित का शिकवेनात!

पण ‘जोर नेहमी पहिल्या भागावर’ एवढेच पाठ करू नका. ‘ॲपल केक’मध्ये जोर ‘ॲपल’वर, ‘ॲपल पाय’मध्ये मात्र ‘पाय’वर. लंडनच्या ‘ऑक्सफर्ड स्ट्रीट’मध्ये तो ‘ऑक्सफर्ड’वर, तर मँचेस्टरच्या ‘ऑक्सफर्ड रोड’मध्ये ‘रोड’वर पडतो. इथे तर्क लढवण्यापेक्षा कानाने ऐकून लक्षात ठेवलेले बरे. क्रियापदांचे गणित त्या मानाने सोपे: विमान ‘टेक ऑफ’ करते तेव्हा जोर ‘ऑफ’वर, आणि त्याच क्रियेचे नाम झाले की ‘टेक’वर.

दुसरी गडबड शब्द तोडण्यात होते. ‘पॉटहोल’च्या स्पेलिंगमध्ये टी आणि एच शेजारी दिसले की मुले ‘पोथोल’ वाचतात. आधी मूळ दोन शब्द ओळखा आणि तिथेच तोडा: पॉट, होल. काही जुन्या शब्दांत मात्र हा सांधा झिजून गेला आहे. ‘कप’ आणि ‘बोर्ड’ मिळून झालेल्या शब्दाचा उच्चार ‘कबर्ड’ होतो, त्यातला पी बोलायचाच नाही. मेंढपाळाला आपण सर्रास ‘शेफर्ड’ म्हणतो. तिथे ‘शीप’ आणि ‘हर्ड’ एकत्र आले आहेत, म्हणून उच्चार ‘शेपर्ड’.

शंका आली तर शब्दकोशातला उच्चार बघा. वरच्या बाजूची छोटी उभी रेघ ज्या अवयवाच्या (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाच्या तुकड्याच्या, म्हणजे सिलॅबलच्या) आधी असते, मुख्य जोर त्याच्यावर. ती रेघ मागच्या अवयवाची समजण्याची चूक बरेच जण करतात. आणि जोर नाही म्हणून दुसरा भाग गिळूनही टाकू नका: ‘ग्रीनहाऊस’मधल्या ‘हाऊस’चा स्वर पुरता ऐकू यायला हवा.