चालत्या गाडीवर लिथियम बॅटरी चार्ज करताय? या चुका टाळा

मोटरहोममधली जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी काढली, त्याच खोक्यात, त्याच वायरींवर लिथियम बसवली, नट आवळले आणि गाडी सुरू केली. दिवे लागले, पंखा फिरला, म्हणजे काम झालं असं वाटतं. निम्म्या तक्रारींची सुरुवात इथेच होते. पुढे बोलताना गोंधळ नको म्हणून सेल्फ मारणाऱ्या बॅटरीला ‘इंजिनची’ आणि राहत्या भागातल्या बॅटरीला ‘घरातली’ म्हणतो. लिथियम म्हणजे इथे लिथियम आयर्न फॉस्फेट.

लेड-अ‍ॅसिड बॅटरी भिडस्त पाहुण्यासारखी असते. थोडी भरली की स्वतःच हात आखडता घेते, करंट उतरत जातो. लिथियमला भीड नाही. तिचा अंतर्गत रोध फार कमी, त्यामुळे जवळजवळ पूर्ण भरेपर्यंत मिळेल तेवढा करंट ती ओढत राहते. मध्ये फक्त साधा रिले, म्हणजे इंजिन सुरू झालं की दोन्ही बॅटऱ्या जोडणारा आपोआप चालणारा स्विच, असेल तर तिला आवरणारं कुणी नसतं.

याची किंमत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर फिरून वीज बनवणारं यंत्र, मोजतो. त्याच्यावर १५० अँपियर लिहिलेलं असतं, पण तो आकडा थंड अल्टरनेटरचा आणि चढ्या आरपीएमचा. आयडलिंगवर तो बराच कमी देतो. शिवाय त्याला गार ठेवणारा पंखा त्याच्याच शाफ्टवर असतो, म्हणजे इंजिन संथ तर वाराही संथ. म्हणून ‘गाडी उभी करून तासभर इंजिन चालू ठेवू, बॅटरी भरेल’ ही सगळ्यांत महागात पडणारी युक्ती आहे. आतले डायोड आणि वाइंडिंग तापतात, आणि त्यांचा जीव गेल्याचं डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागल्यावरच कळतं.

उपाय म्हणजे मध्ये डीसी-डीसी चार्जर, इंजिनच्या बाजूची वीज घेऊन घरातली बॅटरी भरणारा. तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे करंट ओढत नाही आणि लिथियमला हवं तसं, साधारण १४.२ ते १४.६ व्होल्टच्या दरम्यान, व्होल्टेज देतो. नेमका आकडा बॅटरीच्या माहितीपत्रकात बघावा. पण इथेही हाव नको. ३० अँपियरचा चार्जर बॅटरीला ३० देतो, पण अल्टरनेटरकडून त्याहून जास्त घेतो: १४ व्होल्टला ३० अँपियर म्हणजे ४२० वॉट, १० टक्के वाया जातात असं धरलं आणि त्याच्या तोंडाशी १२.८ व्होल्ट असले तर ओढ ३६ अँपियरच्या पुढे जाते. हेडलाइट, ब्लोअर, इंजिनची स्वतःची गरज वेगळीच. माझा हिशेब असा, की चार्जरची ओढ अल्टरनेटरच्या छापील क्षमतेच्या एक तृतीयांशाच्या आसपास असावी आणि निम्म्यापलीकडे कधीच नसावी. बॅटरीची स्वतःची चार्जिंग मर्यादाही पाहून घ्या.

चार्जर सुरू होतो, बंद होतो, पुन्हा सुरू होतो

ही तक्रार मी स्वतः भोगली आहे. इंजिन सुरू केलं की चार्जरचा दिवा लागायचा, अर्ध्या मिनिटात जायचा, थोड्या वेळाने परत लागायचा. चार्जरच खराब म्हणून तो परत पाठवायच्या बेतात होतो. मग मल्टिमीटर घेऊन बसलो. इंजिनच्या बॅटरीवर १३.९ व्होल्ट. चार्जरच्या इनपुटवर, तो चालू असताना, १२.३. मधले १.६ व्होल्ट वाटेत गळत होते. एक टोक इंजिनच्या बॅटरीच्या प्लसवर, दुसरं चार्जरच्या प्लसवर धरलं, तर ०.४. तेच मायनसच्या बाजूने केलं, तर तब्बल १.२. अर्थचा लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) बॉडीवर आवळला होता खरा, पण रंग न खरवडता. रंग घासून चकचकीत पत्रा काढला, लग पुन्हा बसवला, आकडा ०.२ वर आला. त्यानंतर चार्जरने तक्रार केलेली नाही.

व्होल्टेज मर्यादेखाली गेलं की चार्जर थांबतो. तो थांबला की करंट शून्य, करंट नाही म्हणून गळती नाही, व्होल्टेज पुन्हा चढतं आणि चार्जर पुन्हा सुरू होतो. म्हणूनच बंद चार्जरवर घेतलेलं रीडिंग कायम छान दिसतं आणि त्याचा काही उपयोग नसतो. लोड चालू असतानाच मोजा.

गळती बहुतेकदा बारीक वायरीमुळेही होते. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची वायर आणि ३६ अँपियर करंट धरा. ६ चौरस मिलिमीटरच्या वायरीत १ व्होल्टहून जास्त पडतो, १६ च्या वायरीत साधारण ०.४ आणि २५ च्या वायरीत पाव व्होल्ट. त्यात गंमत अशी, की इनपुट व्होल्टेज पडलं की तेवढेच वॉट काढायला चार्जर आणखी करंट ओढतो, आणि मग गळतीही वाढते. जुन्या रिलेला पुरलेली वायर इथे पुरेलच असं नाही.

आकडा ३० अँपियर, बॅटरी मात्र भरत नाही

ही चूक शोधायला सगळ्यांत अवघड. नवा चार्जर बसवला, पण जुना रिले जागेवरच राहिला, बऱ्याचदा गाडीच्या मूळ वितरण पेटीच्या आत, नजरेआड. इंजिन सुरू झालं की रिले दोन्ही बॅटऱ्या एकमेकींना जोडतो. चार्जर पुढून वीज घेऊन मागे देतो, आणि तीच वीज रिलेतून पुन्हा पुढे येते. घाण्याच्या बैलासारखा चार्जर गोल फिरत राहतो, तापतो, पडद्यावर भरघोस आकडा दाखवतो, आणि घरातली बॅटरी तिथल्या तिथे. तपासायचं सोपं आहे: क्लॅम्प मीटर (वायरीभोवती अडकवून करंट मोजणारं) चार्जरच्या वायरीवर न लावता थेट घरातल्या बॅटरीच्या प्लस वायरींवर लावा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल आणि मागे तेवढं काही चालू नसेल, तर रिले शोधा आणि त्याची जोडणी सोडवा. मात्र गॅस, घरची वीज आणि १२ व्होल्ट अशा तीन प्रकारे चालणारा फ्रिज असेल, तर त्याची १२ व्होल्टची लाइन त्याच रिले-पेटीतून जाते का ते आधी बघा. ती इंजिनच्या बाजूलाच राहू द्या. एकटा फ्रिज १० ते १५ अँपियर खातो, ते चार्जरच्या वाट्याचे जायला नकोत.

रिले तसाच ठेवून, चार्जर न घालता चालवणाऱ्यांची अडचण वेगळी. व्होल्टेज बघून चालणारे रिले साधारण १३.३ ला जोडतात आणि १२.८ च्या आसपास सोडतात. भरलेली लिथियम नुसती पडून असतानाही १३.३ च्या आसपास असते. मग इंजिन बंद केलं तरी रिले सोडतच नाही.

नव्या गाड्यांचा अल्टरनेटर

नव्या गाड्यांत बहुधा स्मार्ट अल्टरनेटर असतो. इंधन वाचवायला तो व्होल्टेज मुद्दाम १२.५ च्या आसपास आणतो आणि उतारावर पाय उचलला की १५ च्या जवळ नेतो. अशा गाडीत ‘व्होल्टेज वाढलं म्हणजे इंजिन सुरू’ हा अंदाज फसतो. चार्जरला इग्निशनची किंवा अल्टरनेटरच्या डी-प्लसची (इंजिन चालू असतानाच वीज देणाऱ्या टोकाची) सिग्नल वायर द्यावीच लागते. ती घाईत कायम वीज असलेल्या वायरीवर जोडली, तर चार्जर रात्रभर इंजिनची बॅटरी उपसतो आणि सकाळी सेल्फ लागत नाही. आधी टेस्टर लावा, चावी फिरवा, वीज येते-जाते का बघा.

याच गाड्यांत इंजिनच्या बॅटरीच्या मायनसवर करंट मोजणारा छोटा सेन्सर बसवलेला असतो. चार्जरची मायनस वायर त्या सेन्सरला वळसा घालून थेट बॅटरीच्या खुंटावर जोडली, तर गाडीच्या कंप्युटरला तो करंट दिसतच नाही आणि त्याचा हिशेब चुकतो. बॉडीवरचा अर्थ पॉइंट वापरा, रंग खरवडून.

थंडीबद्दल थोडक्यात: शून्य अंशाखाली लिथियम चार्ज करू नये, आत धातू साचून बॅटरी कायमची अधू होते. तिच्या बीएमएसमध्ये (बॅटरीच्या आतल्या, तिला जपणाऱ्या सर्किटमध्ये) थंडीचा कटऑफ आहे का हे विकत घेतानाच विचारा, आहे असं गृहीत धरू नका. बीएमएसने अचानक हात झटकून बॅटरी तोडली की व्होल्टेजची उसळी अल्टरनेटरकडे येऊ शकते. इंजिनची बॅटरी बराचसा धक्का पिते, म्हणून अल्टरनेटरवर एकटी लिथियम कधीच ठेवू नये.

फ्यूज दोन्ही टोकांना, बॅटरीच्या जितक्या जवळ तितकं बरं. एकच फ्यूज बसवणारे विसरतात, की त्या वायरीला दोन्हीकडून वीज आहे.

आणि टक्के व्होल्टेजवरून मोजू नका. १३.२ व्होल्ट दाखवणारी लिथियम अर्धी असेल किंवा पाऊण भरलेली, सांगता येत नाही. शंट, म्हणजे मायनसवर बसून आत-बाहेर जाणारा करंट मोजणारं साधन, लावा, आणि चार्जरची मायनस शंटच्या लोडकडच्या बाजूला घ्या, नाहीतर आलेली वीज मोजलीच जाणार नाही. ३० अँपियरने दोन तासांत ६० अँपियर-तास आले, एवढा हिशेब डोक्यात ठेवला की वीस मिनिटांच्या फेरीत बॅटरी का भरली नाही हा प्रश्न पडत नाही.

काम झाल्यावर अर्धा तास गाडी चालवा, थांबा, इंजिन बंद करा आणि चार्जरच्या वाटेवरच्या प्रत्येक लगजवळ, फ्यूज होल्डरजवळ आधी नुसता तळहात न्या. झळ लागली नाही तरच बोट टेकवा. कोमट ठीक. बोट ठेववत नसेल, तर तिथलं क्रिंपिंग, म्हणजे वायरीवर लग दाबून बसवलेला जोड, बहुधा सैल आहे. तो लग कापून नवा घाला.